कोकणच्या ओल्या रस्त्यांसाठी ॲडव्हेंचर मोटरसायकलचे टायर निवडताना

ॲडव्हेंचर मोटरसायकलच्या जाहिराती बर्फाच्या खिंडीत आणि वाळवंटात चित्रित होतात. कोकणात ती गाडी घेणारा मात्र आपले बहुतेक अंतर डांबरावर आणि काँक्रीटवर कापतो, आणि मृगापासून सप्टेंबर संपेपर्यंत तो रस्ता ओला असतो. किनारपट्टीवर वर्षाकाठी साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांतच उतरतो. त्यामुळे येथील चालकाने टायर निवडताना सर्वप्रथम एकच गोष्ट तपासावी: घाटातल्या ओल्या वळणावर बैल आडवा आला आणि पुढचा ब्रेक दाबावा लागला, तर पुढचे चाक रस्ता धरून राहील का? टायरचा टिकाऊपणा, किंमत, आवाज, दिसणे हे सगळे प्रश्न त्यानंतरचे. पुढचे विवेचन मुख्यतः रस्त्यावर चालणाऱ्या आणि क्वचित कच्च्या वाटेला लागणाऱ्या गाडीसाठी आहे. ज्यांना दर आठवड्याला रानात शिरायचे आहे, त्यांचे गणित वेगळे असते.

आधी रस्ता पाहावा

टायरच्या दुकानात जाण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या वाटेवरचे पृष्ठभाग एकदा डोळसपणे पाहून घ्यावेत, कारण कोकणात पन्नास किलोमीटरच्या आत रस्ता चार वेळा जात बदलतो. राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या काँक्रीटवर आडव्या बारीक खाचा असतात. त्यांतून पाणी चांगले निघून जाते, पण त्याच खाचा रबर कानशीप्रमाणे खातात आणि टायरचा मधला पट्टा लवकर सपाट होतो. सागरी महामार्गावर याच्या उलट परिस्थिती असते. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना आंबा-काजूची दाट झाडी आणि सावलीतले डांबर आठवडेच्या आठवडे वाळत नाही. कडेला हिरवट थर धरतो आणि समोरून एसटी आली की आपल्याला नेमके त्याच थरावर उतरावे लागते. चिरेखाणींच्या तोंडाशी ट्रकच्या चाकांबरोबर आलेली तांबडी माती डांबरावर पसरलेली असते. ती कोरडी असताना भुकटीसारखी आणि भिजली की साबणासारखी वागते.

सर्वांत फसवा दिवस पहिल्या सरींचा. उन्हाळाभर साचलेली धूळ, गळलेले तेल आणि झाडांचा पाचोळा यांचा पातळ लेप त्या दिवशी रस्त्यावर तयार होतो आणि दोन-तीन जोरदार पाऊस पडून तो धुतला जाईपर्यंत टिकतो. हा लेप पाण्याइतका सहज खाचांतून वाहून जात नाही, म्हणून तेथे खाचांची खोली फारशी कामाला येत नाही; तेथे रबराचा मऊपणा आणि चालकाचा संयम एवढेच उपयोगी पडते. कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ किंवा आंबोली यांपैकी कोणताही घाट घेतला, तरी तीव्र वळणांवर भरलेल्या टाकीतून सांडलेल्या डिझेलचा इंद्रधनुषी पट्टा दिसण्याची शक्यता असतेच. त्याखेरीज खाडीपुलांवरचे लोखंडी सांधे, रंगवलेले पांढरे पट्टे आणि बाजारपेठांतले गुळगुळीत झालेले पेव्हर ब्लॉक आहेत. या सर्व ठिकाणी टायरकडून हवी असते ती एकच गोष्ट, ती म्हणजे जास्तीत जास्त रबराचा रस्त्याला सलग स्पर्श.

जेट्टीचा येथे वेगळा उल्लेख केला पाहिजे, कारण दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ किंवा आगरदांडा-दिघी अशा फेरीबोटींशिवाय किनाऱ्याने जाणे पूर्ण होत नाही. भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणारा आणि ओहोटीला उघडा पडणारा उताराचा भाग शेवाळाने माखलेला असतो आणि त्यापुढे बोटीचे ओले लोखंडी फळकूट. त्या शेवाळावर धरून राहील असा टायर बाजारात नाही. तेथे मागे बसलेल्याला आधीच उतरवावे, गाडी पहिल्या गिअरमध्ये सरळ रेषेत न्यावी, पुढच्या ब्रेकवरचे बोट काढावे आणि फळकूट ओलांडून बोटीत पूर्ण जाईपर्यंत हँडल वळवू नये. टायरची निवड जेट्टीवरून ठरवण्यात अर्थ नाही.

समुद्राच्या वाळूवरूनही ती ठरवू नये. वेळाससारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात आणि वाळूवरून फिरवलेली गाडी घरटी चिरडते; शिवाय खाऱ्या वाळूत बुडालेल्या गाडीच्या बेअरिंगचे जे होते ते गॅरेजवाल्याला विचारावे. कातळाचेही तसेच. पावसाळ्यात जांभ्याच्या सड्यावर बुळबुळीत थर येतो आणि त्यावर उंच गोट्यांचा, म्हणजे सुट्या उंच ठोकळ्यांच्या नक्षीचा टायर सपाट नक्षीच्या टायरपेक्षा बरा ठरत नाही. राजापूर तालुक्यातल्या सड्यांवर तर कातळशिल्पे आहेत. तेथे चालत जावे.

नक्षी आणि टक्केवारी

या टायरांच्या वर्णनात ९०/१०, ८०/२०, ५०/५० असे आकडे आढळतात. पहिला आकडा रस्त्याचा आणि दुसरा कच्च्या वाटेचा. हे आकडे उत्पादक स्वतःच्या अंदाजाने देतो, त्यामागे सर्वांना समान अशी चाचणी नसते. म्हणून एका कंपनीचा ८०/२० दुसरीच्या ९०/१० इतका रस्त्याळ निघू शकतो. मिशेलिन आपल्या अनाकी ॲडव्हेंचरला ८०/२० म्हणते, तर कॉन्टिनेंटलचा टीकेसी ८० हा सरळसरळ गोट्यांचा टायर आहे, ज्याला आपल्याकडे बटण टायर म्हणतात. मेट्झेलर टुरान्स नेक्स्ट, पिरेली स्कॉर्पियन ट्रेल किंवा ब्रिजस्टोन बॅटलॅक्स ए४१ हे रस्त्याकडे स्पष्ट झुकलेले टायर आहेत. भारतीय उत्पादकांपैकी एमआरएफ, सिएट, अपोलो आणि टीव्हीएस युरोग्रिप या सर्वांकडे या वर्गाचे टायर आहेत. मात्र नाव आवडले म्हणून मागणी नोंदवू नये. आपल्या चाकाच्या मापात तो टायर बनतो का, हे आधी पाहावे, कारण मोठ्या गाड्यांसाठी बनवलेले अनेक परदेशी टायर लहान गाड्यांच्या मापात येतच नाहीत.

आकड्यांपेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा. टायर उभा धरून समोरून पाहिला की तीन गोष्टी समजतात. मधल्या पट्ट्यात रबर किती सलग आहे, हे पहिले. तेथे मोठ्या मोकळ्या फटी असतील, तर सरळ ब्रेक दाबताना रस्त्याला टेकणारे रबरच कमी पडते. खाचा मधून सुरू होऊन कडेपर्यंत तिरप्या, एकमेकींना जोडून जातात का, हे दुसरे. ज्या खाचेचे तोंड कडेला मोकळे नाही, तिच्यात शिरलेले पाणी तेथेच दबून राहते. तिसरी गोष्ट कडेच्या ठोकळ्यांची. गाडी वळणात झुकली की सगळा भार याच भागावर येतो. अंगठ्याने तो ठोकळा आडवा दाबून पाहावा. उंच, एकटा उभा असलेला ठोकळा अंगठ्याखाली वाकतो आणि रस्त्यावरही तसाच वाकतो. परशुराम घाटासारख्या उतारावर ते वाकणे चालकाला हँडलमध्ये डगमगल्यासारखे जाणवते, ब्रेक दाबताना गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि एबीएस लवकर जागे होते. एबीएस चाक अडकू देत नाही हे खरे, पण जी पकड मुळात नाही ती कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही.

रबराचे मिश्रण डोळ्यांना दिसत नाही, तरी त्याचे महत्त्व नक्षीहून कमी नाही. ज्या मिश्रणात सिलिका पुरेशी असते, ते ओल्या आणि थंड रस्त्यावर अधिक चांगले धरते. अनेक चांगल्या टायरांच्या मागच्या चाकात मध्यभागी कडक आणि कडेला मऊ असे दोन प्रकारचे रबर असते. महामार्गाच्या काँक्रीटवर भरपूर चालणाऱ्याने ही व्यवस्था आवर्जून शोधावी. 'हा टायर पंचवीस हजार किलोमीटर चालतो' असे विक्रेता अभिमानाने सांगू लागला, तर मी तरी थोडा सावध होतो. इतका चिवट टायर बहुधा कडक असतो आणि कडक रबर जुलैच्या पावसात उघडे पडते. आयुष्य आणि ओली पकड यांत निवड करण्याची वेळ आली, तर कोकणात पकडीच्या बाजूने कौल द्यावा.

काही टायरांवर एम+एस अशी अक्षरे असतात. ती चिखल आणि बर्फ यांसाठीच्या मोकळ्या नक्षीची खूण आहे. पावसातल्या डांबरावरच्या पकडीची हमी त्यातून मिळत नाही, उलट मोकळी नक्षी म्हणजे टेकणारे रबर कमी.

टायरच्या अंगावर लिहिलेले वाचावे

समजा, दुकानदाराने समोर ठेवलेल्या टायरवर '१३०/८० आर १७ एम/सी ६५ एच टीएल' असे कोरलेले आहे. १३० म्हणजे टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे त्या रुंदीच्या ८० टक्के इतकी टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, अर्थात १०४ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, जिच्यात आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे जातात. तेथे नुसती आडवी रेघ असेल, तर टायर बहुधा बायस, म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या थरांचा असतो. १७ हा रिमचा इंचांतील व्यास. 'एम/सी' म्हणजे मोटरसायकलसाठी. 'टीएल' म्हणजे ट्यूबलेस. 'टीटी' असेल तर ट्यूब घालणे आवश्यक आहे.

६५ हा भाराचा निर्देशांक असून त्याचा अर्थ २९० किलो. याच तक्त्यात ५४ म्हणजे २१२ किलो, ६० म्हणजे २५० किलो आणि ७० म्हणजे ३३५ किलो. लोक या आकड्याकडे पाहत नाहीत, आणि नेमका गणपतीला गावी जाताना तो महत्त्वाचा ठरतो. दोनशे किलोची गाडी, दोन माणसांचे एकशे चाळीस आणि बॅगांचे तीस मिळून तीनशे सत्तर किलो होतात. यातला साठ टक्क्यांहून अधिक भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे सव्वादोनशे किलोंच्या आसपास. खड्ड्यात आपटताना तो क्षणभर याहून कितीतरी जास्त असतो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या निर्देशांकापेक्षा कमी निर्देशांकाचा टायर म्हणूनच कधीही घेऊ नये.

भाराच्या आकड्यापुढचे 'एच' हे अक्षर कमाल वेगाचे. पी म्हणजे १५० किमी, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किमी ताशी. आपल्या घाटांत या वेगांचा प्रश्नच येत नाही, परंतु हे अक्षर टायर किती उष्णता सोसू शकतो याचेही निदर्शक आहे. वर डबलसीट आणि बॅगा लादून मे महिन्यातल्या दुपारी महामार्गाने निघालेल्या गाडीच्या टायरला ती उष्णता भोगावीच लागते. येथेही पुस्तिकेतल्या अक्षराच्या खाली जाऊ नये.

आता एका लंबगोलात बसवलेले चार आकडे शोधावेत. '२३२४' असे असेल, तर तो टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. लहान गावांतल्या दुकानांत ॲडव्हेंचर गाडीच्या मापांना रोज गिऱ्हाईक नसते, त्यामुळे हे टायर वरच्या फळीवर दीर्घकाळ पडून राहतात; त्यातून ते उन्हाच्या झोतात असतील, तर रबर नव्या नक्षीसकट म्हातारे होते. दोन वर्षांपेक्षा जुना टायर पूर्ण किमतीला घेऊ नये, आणि भिंतीवर केसासारख्या भेगा दिसल्या तर तो मुळीच घेऊ नये. शिवाय भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर आयएसआय चिन्ह आणि दुचाकी-तिचाकीच्या टायरांचे मानक आयएस १५६२७ हा क्रमांक आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. कोणाच्या तरी ओळखीतून, बिलाशिवाय आलेल्या परदेशी टायरवर हे नसेल, तर तो टायर कितीही नामांकित असला तरी त्याच्यामागे उभा राहणारा येथे कोणी नसतो.

रुंद टायरचा मोह

मागचा टायर रुंद घातला की गाडी भारदस्त दिसते, आणि 'एक साइज वर' हा सल्ला प्रत्येक नाक्यावर फुकट मिळतो. त्याचे परिणाम कागदावर करून पाहावेत. जुन्या ४११ सीसीच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला मागे १२०/९०-१७ हे माप आहे. १७ इंच म्हणजे ४३१.८ मिलिमीटर, त्यात १०८ मिलिमीटरच्या दोन भिंती मिळवल्या की एकूण व्यास ६४७.८ मिलिमीटर येतो. तिथे १३०/८०-१७ घातला, तर १०४ च्या दोन भिंतींसह व्यास ६३९.८ होतो. म्हणजे टायर रुंदीने दहा मिलिमीटर वाढला, पण व्यास आठ मिलिमीटर घटला, गाडीचा मागचा भाग चार मिलिमीटर खाली बसला आणि चाक दर किलोमीटरला सुमारे सव्वा टक्का जास्त फिरू लागले. मागे १४०/८०-१७ घालायचा विचार केला, तर व्यास ६५५.८ होतो आणि वीस मिलिमीटरच्या वाढीव रुंदीमुळे चेन आणि स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) यांच्यापासूनचे अंतर मोजून घ्यावे लागते. हेच माप हिमालयन ४५० ला कंपनीनेच दिलेले आहे, पण तिचे रिम आणि मागच्या चाकाची जागा त्यासाठी बनवलेली आहे.

खरा तोटा रिममध्ये होतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या भिंती आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ जाताना टेकणारे रबर वाढण्याऐवजी घटते आणि गाडी वळणात एकदम कोसळल्यासारखी झुकते. पाण्याचा विचार केला तरी अरुंद टायर पाणी सहज कापत जातो, रुंद टायरला ते बाजूला सारावे लागते. उत्पादकाने पुस्तिकेत पर्यायी माप दिलेले असेल, तर तेवढेच घ्यावे. एरवी मूळ मापावरच राहावे आणि वाचलेले पैसे चांगल्या रबरावर खर्च करावेत.

बाजारातल्या गाड्यांची मापे साधारण अशी: हिमालयनच्या दोन्ही पिढ्यांना आणि हीरो एक्सपल्स २०० ला पुढे ९०/९०-२१, २०२० साली भारतात आलेल्या केटीएम ३९० ॲडव्हेंचरला पुढे १००/९०-१९ आणि मागे १३०/८०-१७, सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्सला पुढे १००/९०-१९ आणि मागे १४०/७०-१७. एक्सपल्सच्या मागे १२०/८०-१८ हे माप आहे. एकवीस इंची पुढचे चाक खड्डा सहज ओलांडते, पण त्या मापात निव्वळ रस्त्याचे टायर थोडेच मिळतात. एकोणीस इंचीला निवड बरीच मोठी आहे. गाडीच अजून घ्यायची असेल आणि वापर प्रामुख्याने रस्त्याचा असेल, तर हा मुद्दा तेव्हाच ध्यानात घ्यावा.

पुढचे चाक आधी

मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून बहुतेक लोक तो एकटाच बदलतात, आणि नंतर पुढचा 'अजून चांगला आहे' म्हणून वर्षानुवर्षे तसाच चालवतात. ब्रेक दाबल्यावर गाडीचा भार पुढे जातो आणि थांबवण्याचे बहुतांश काम पुढचे चाक करते. मागचे चाक घसरले, तर गाडी सावरण्याची संधी बरेचदा मिळते. पुढचे घसरले, तर ती क्वचितच मिळते. म्हणून पैसे मोजकेच असतील, तर उत्तम टायर पुढे घालावा आणि मागे त्याच जातीचा पण स्वस्त पर्याय पाहावा, असे माझे मत आहे. मात्र 'त्याच जातीचा' या शब्दांना येथे महत्त्व आहे. पुढे रस्त्याचा टायर आणि मागे बटण टायर अशी मोट बांधली, तर दोन्ही चाके ओल्या रस्त्यावर वेगवेगळ्या वेळी पकड सोडतात. रेडियल आणि बायस यांची मिसळ तर गाडीच्या किंवा टायरच्या उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच करावी. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एकाच मालिकेतली जोडी घेणे.

ट्यूब, तारा आणि खारी हवा

ओतीव मिश्रधातूच्या चाकांना ट्यूबलेस टायर बसतो आणि खिळा घुसला तरी दोरीसारखी पट्टी ठोकून पुढे जाता येते. ही पट्टी तात्पुरती समजावी आणि ती फक्त माथ्यावरच्या भोकाला लावावी. भिंतीला भोक पडले, तर टायर बाद. पूर्वापार तारांच्या चाकांना ट्यूब लागते, जरी हिमालयन ४५० साठी ट्यूबलेस तारांची चाकेही मिळू लागली आहेत. ट्यूबवाल्या गाडीच्या मालकाने नव्या टायरबरोबर नवी ट्यूब आणि रिमवरची पट्टी घालावी, आणि एकवीस इंची एक ट्यूब स्वतःजवळ बाळगावी. गुहागर किंवा देवगडच्या पंक्चरवाल्याकडे रोजच्या दुचाक्यांच्या ट्यूब असतात, एकवीस इंचीची खात्री धरता येत नाही. तीच ट्यूब अडचणीत मागच्या चाकातही घडी सांभाळून घालता येते आणि घरी पोहोचेपर्यंत काम भागते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या गाड्यांत आणखी एक दुखणे असते, जे देशावरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या रिमच्या आतल्या काठावर, जिथे टायरची कड टेकते, पांढरी भुकटी धरते. त्यामुळे हवा हळूहळू निसटते. भोक सापडत नाही, पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून पाहतो आणि बुडबुडे रिमच्या कडेने येतात. नवा टायर बसवताना जुना काढल्यावर हा काठ समोर उभे राहून बारीक कागदाने घासून, पुसून, कोरडा करून घ्यावा. ट्यूबलेस चाकाचा रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक टायरबरोबर बदलावा. त्याची किंमत चहाच्या दोन-चार कपांइतकी असते आणि त्याच्या मुळाशी पडलेली भेग घाटात टायर रिकामा करू शकते. तारांच्या चाकांत गंजलेली तार किंवा अडकलेला निपल दिसला, तर तो टायर चढण्यापूर्वीच बदलणे सोपे जाते.

बसवणे, हवा आणि पहिले काही किलोमीटर

टायर बदलण्याची योग्य वेळ म्हणजे मे महिन्याचा मध्य, आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या इतर कामांबरोबर. पाऊस सुरू झाला की मागणी वाढते, हवे ते माप चिपळूण-रत्नागिरीत मिळाले नाही तर कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईकडून मागवावे लागते आणि तोवर झिजून गुळगुळीत झालेल्या टायरवर चालवत राहण्याचा मोह होतो. ज्या दुकानात यंत्राने टायर चढवतात आणि चाकाचा तोल साधून देतात, तेथेच काम करून घ्यावे. भिंतीवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, आणि हलक्या बाजूची खूण असलेला पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ आला आहे ना, हे दोन क्षणांत पाहून होते. टायर रिमवर सगळीकडे सारखा बसला आहे की नाही, हे काठाजवळच्या बारीक रेघेवरून कळते. ती रेघ रिमपासून कोठे जवळ, कोठे लांब दिसली, तर हवा सोडून पुन्हा बसवायला सांगावे.

हवेचा दाब गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला दाब कमाल मर्यादेचा असतो, तो रोजचा समजू नये. दाब सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावा. तापमानात दहा अंशांचा फरक पडला की दाब साधारण दीड पीएसआयने (पीएसआय हे हवेच्या दाबाचे एकक) बदलतो. म्हणून मेच्या उन्हात भरलेली हवा जुलैच्या गार सकाळी कमी भरते, शिवाय थोडी आपोआप निसटलेलीही असते. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याची सवय काही जणांना असते. मऊ चिखलात तिचा उपयोग होतो, पण डांबरावर कमी हवेचा टायर दबतो, त्याच्या खाचा मिटतात आणि साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगू लागतो. मोटरसायकलचा गोलसर, अरुंद टायर मोटारीच्या टायरच्या मानाने पाण्यावर सहज तरंगत नाही; त्या लाभावर आपल्याच हाताने पाणी सोडू नये. पेट्रोल पंपांवरच्या मापकांचे एकमेकांशी जमत नाही, म्हणून स्वतःचा एक मापक गाडीत ठेवावा.

नवा टायर साच्यातून निघताना त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर हा थर घासला जाईपर्यंत जोरात ब्रेक दाबू नये आणि गाडी हळूहळू अधिकाधिक झुकवत न्यावी. नुसता सरळ महामार्ग पुरत नाही, कारण त्यावर फक्त मधला पट्टा घासला जातो आणि कडा नव्याच राहतात. कोरड्या दिवशी गावाकडच्या वळणावळणांच्या रस्त्याने, सावकाश, दोन्ही बाजूंना झुकवत हे अंतर कापावे. याचसाठी टायर मेमध्ये बदललेला बरा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बसवला, तर हे रुळवणे नेमके त्या तेलकट पहिल्या पावसात करावे लागते.

झीज महिन्यातून एकदा पाहावी. भिंतीवर टीडब्ल्यूआय ही अक्षरे किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या सरळ वर खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आली की टायर संपला. दुचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. कोकणात इतके थांबू नये. पावसाळ्याच्या तोंडावर खाच दोन मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर टायर बदलावा आणि जुना पुढच्या उन्हाळ्यासाठी माळ्यावर ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. मागच्या टायरचा माथा महामार्गाने सपाट केला असेल, तर खाच शिल्लक असूनही वळणात गाडी कडेवर चढताना अडखळते. बोटे माथ्यावरून कडेकडे फिरवली की ती पायरी हाताला लागते. वापर कमी असलेल्या गाडीचा टायर पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा, आणि नक्षी कितीही शाबूत असली तरी दहा वर्षांपलीकडे तो चालवू नये.